थांबण्याचे शुल्क

नगर परिषदेच्या सभागृहात एसी नको तितका गार असतो,
म्हणून माझ्या खुर्चीच्या पाठीला
ऑगस्टातही स्वेटर.
माझं काम इतिवृत्त लिहिणं.
सूचक कोण, अनुमोदक कोण, किती हात वर.
कोणाचा आवाज कापला ते लिहायचं नसतं.

विषय क्रमांक सात : सेंट रीटाच्या हॉलमधला बिंगो.
आठवड्यातून दोनच रात्री, दहाच्या आत बंद,
आकडे पुकारणाऱ्याला पगार नाही.
विषय क्रमांक आठ : भाड्याची वाहनं.
छतावर दिवा, आत मीटर, विमा,
चालकाच्या दहाही बोटांचे ठसे.

सात आणि आठच्या मधे
पहिल्या रांगेत अल्सीद राशाल बसला होता.
वय एकाहत्तर. व्हॅन एकोणीस वर्षांची,
तिचं दार बाहेरून लाथ घातल्याशिवाय सरकत नाही.
बिंगो सुटला की सात बायकांना तो घरी सोडतो,
रेड रिव्हरच्या पुलापलीकडे,
जिथली बस संध्याकाळी सहालाच झोपते.

गिअरपाशी चिकोरी कॉफीचा डबा, झाकणाला चीर.
कोणी एक डॉलर टाकतं, कोणी दोन.
मिस युलाली मेत्वायेर चीर टाळून झाकणच काढते
आणि मूठभर पेकान टाकते, सोललेले.

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, वाचलं :
"मोबदला घेऊन प्रवासी नेणारे कोणतेही वाहन."
मग डबा हा मोबदला आहे का?
पेकान?
आणि न सोललेले असते तर?
(हे मागच्या रांगेतून आलं. मी लिहिलं : श्रोत्यांचा एक प्रश्न.)

तिसऱ्या प्रभागाच्या व्हर्नेल प्रुडोम म्हणाल्या,
डब्यातले पैसे जातात कुठे?
अल्सीद उठला. टोपी हातात, टोपीत काही नाही.
"पेट्रोलला, मॅडम. उरले तर शुक्रवारी
मीही तीन कार्डं घेतो.
जिंकलो की परत डब्यात."

म्हणजे परवान्याविना भाडं,
भाड्यातून खेळ,
खेळातून पेट्रोल.
वकीलसाहेबांनी एक कलम काढलं, मग दुसरं.
पहिलं म्हणत होतं, दुसरं पाहा.
दुसरं म्हणत होतं, पहिल्याच्या अधीन राहून.

नागरिकांना तीन मिनिटं मिळतात.
युलालीने दोन माइकपर्यंत चालण्यात घालवली.
म्हणाली, चौदा वर्षांत मी एकदाच जिंकले,
त्याची शेगडी घेतली, ती अजून चालते.
तुम्ही विचारताय हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा.
मला विचाराल तर
टायमर वाजला.
उरलेलं वाक्य तिने जागेवर जाऊन
शेजारणीच्या कानात पूर्ण केलं.
शेजारीण इतकी हसली की सभापतींनी हातोडा आपटला.
मला ऐकू आलं नाही. अजून वाटतं,
ते तेवढं मिळायला हवं होतं.

विषय सात मंजूर, चार विरुद्ध एक.
विषय आठ पुढील सभेपर्यंत तहकूब.

मी कागद आवरून बाहेर पडले तेव्हा
वाहनतळावर लाथेचा आवाज झाला, दार सरकलं,
एकेक पाय, एकेक काठी आत गेली.
माझंही घर पलीकडेच. माझी गाडी त्यांच्या मागे.
पुलावर मी ओलांडू शकले असते.
एक उतरली. पुढच्या वळणावर दोघी.
पेट्रोल पंपाच्या गल्लीत आणखी तिघी, भांडत.

शेवटच्या घरापाशी व्हॅनचे मागचे दिवे लालच राहिले.
युलाली पायऱ्या चढली, किल्ली शोधली,
चुकीची लावली, पुन्हा पर्स.
मी सवयीने घड्याळ पाहिलं.
चार मिनिटं. पाच.
स्वयंपाकघराची खिडकी पिवळी झाली
आणि मग कुठे व्हॅन हलली.

उद्या मसुदा टंकायचा आहे.
दरपत्रकात शेवटून दुसरा एक रकाना असतो :
थांबण्याचे शुल्क, प्रति मिनिट.
तिथे आकडा परिषदेने भरायचाय.